गारा पडल्या त्या दुपारी अप्पा बसून का राहिले

लातूर,
रविवार, ८ जून २००८

चि. सौ. अंजूस,

हणमंतकाकाचे आशीर्वाद. आम्ही तिघेही, अप्पा, भुजंग आणि मी, येथे ठीक आहोत. जावई आणि शिवांश तिकडे पुण्यात खुशाल असतील.

भुजंगाने तुला धाडलेले पत्र पेटीत टाकण्यापूर्वी मला दाखवले नाही. टाकल्यानंतर तोंडपाठ म्हणून दाखवले. त्यात चुका आहेत. शुद्धलेखनाच्या असणारच, त्यांविषयी मी लिहीत नाही, वस्तुस्थितीच्या आहेत. त्या पत्रावरून तू अप्पांचे येथील घर बंद करून त्यांना कायमचे पुण्यास नेण्याचे ठरवलेस, असे कळते. हेही मला भुजंगाकडूनच कळले. म्हणून ही दुरुस्ती.

भुजंग लिहितो की, गारपीट होताच सारे सभागृह रिकामे झाले आणि तुझे अप्पा 'भान गेल्यासारखे' एकटेच आत बसून राहिले. सभागृह रिकामे झाले नव्हते. घडले ते असे.

उन्हाळी साहित्य-कला महोत्सव यंदा मैदानावरील मांडवात होता. पहिल्याच सायंकाळी अवकाळी पावसाने मांडव बसला. तेव्हा संयोजकांनी शेजारच्या कोचिंग क्लासचे पत्र्याचे सभागृह मागून घेतले, आणि आम्ही तिघे बारावीच्या बाकांवर गुडघे आवळून बसलो. चित्रप्रदर्शनातील जलरंगांवर पाणी ठिबकले होते. एका निसर्गचित्रातला डोंगर तळ्यात उतरला होता. भुजंग मला म्हणाला, "मास्तर, ह्ये चित्र आत्ता कुठं पुरं झालं बघा!" अप्पा इतके हसले की, पुढच्या बाकावरील मुलीने वळून आम्हांला गप्प केले. भर पावसात भुजंगाने मिरचीची भजी आणली. गायनाला अप्पांनी बाकावर ताल धरला, तोही चुकीचा, आणि मी तो दुरुस्त केला नाही. अंजू, स्पष्टच लिहितो, आम्हांला फार मजा आली. या वयात इतकी मजा येणे उचित की अनुचित, याचा निर्णय माझ्याकडून अद्याप झालेला नाही.

गारपीट झाली ती नवोदितांच्या कवितावाचनात. मुखेडची विशाखा नावाची मुलगी वाचत होती. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेसाठी ती येथे खोली करून राहते. व्यासपीठावर ती प्रथमच आली होती. दुसऱ्या कडव्यावर वीज कडाडली, पत्र्यावर गारा कोसळल्या आणि बाक थरथरले.

भूकंपानंतर आपल्याकडील माणसाला गडगडाटाचा अर्थ विचारावा लागत नाही. पाय आधी उठतात. अध्यक्ष, संयोजक, गायक, भुजंग आणि मी, सारे दाराबाहेर, गारांत. माझी छत्री आत राहिली होती. भुजंगाने कोणाचा तरी तबला उचलून आणला होता. का, हे त्याला आजही सांगता येत नाही.

क्लासला येणारी मुले मात्र जागची हलली नाहीत. भूकंपाच्या पहाटे ती पाळण्यात तरी होती किंवा दूरच्या जिल्ह्यात. गारा पडू लागल्यावर ही मोठी माणसे बाहेर का धावतात, हे त्यांना उमगेना. आणि त्या मुलांत तुझे अप्पा. औशाजवळच्या तुमच्या घराखाली सिद्धम्मावहिनी गेल्या, तेव्हापासून अप्पा छताखाली झोपत नाहीत, हे तुला मी सांगायला नको. तेच अप्पा त्या थरथरत्या पत्र्याखाली बसून होते.

मी खिडकीतून पाहिले. मुलीने कागद खाली केला होता. अप्पा मोठ्याने म्हणाले, "हेळम्मा, मुंद हेळ! म्हण बाई, पुढचं म्हण. मी हाय की इथं." तिने म्हटले. मला बाहेर एक शब्दही ऐकू आला नाही. अप्पा मान डोलावत होते.

यावरून भुजंगाने काढलेला निष्कर्ष असा की, हादऱ्याला जो भीत नाही त्याचे डोके ठिकाणावर नाही. माझा निष्कर्ष असा की, त्या सभेत श्रोता म्हणावा असा एकच प्रौढ मनुष्य होता.

येथे मी पत्र संपवणार होतो. परंतु अर्धी हकीकत लिहिणे हीही चूकच, आणि ती भुजंगाची नसून माझी ठरेल.

मी अप्पांना तीनदा विचारले. त्याच सायंकाळी रिक्षात ते म्हणाले, "पोरगी रडकुंडीला आली होती. म्या बी पळालो असतो तर तिनं जन्मात कविता म्हटली नसती." मला बरे वाटले. पुढच्या आठवड्यात चहा पिताना म्हणाले, "कसल्या गारा? मला तर काय बी ऐकू आलं न्हाई." मी ती थट्टा समजलो. आणि परवा, फिरायला चाललो असताना मीच पुन्हा विषय काढला, तेव्हा ते उभे राहिले. म्हणाले, "हणमंतराव, बाहेर पळून कुणाला हाक मारायची होती?"

पहिले उत्तर खरे असेल, तर त्यांनी येथेच राहावे. दुसरे असेल, तर कानांच्या डॉक्टरांकडे जावे. तिसरे असेल, तर तू त्यांना अवश्य ने. माझा कल पहिल्याकडे आहे. परंतु तो पुराव्याने आहे की माझ्या सोयीने, हे मला समजत नाही. सायंकाळी फिरण्यास मला दुसरे कोणी नाही. भुजंग आहे, पण भुजंग बोलतो, अप्पा ऐकतात. पुण्याविषयी त्यांना विचारले तर म्हणतात, "पोरगी म्हणंल तसं." तू एकदा त्यांना समोर बसवून विचार. मला दिले तेच उत्तर ते तुला देतील, असे नाही.

आता भुजंगाच्या तारखा.

मांडव बसला तो दिवस १८ मे नव्हे. २२ मे, गुरुवार.

गारपीट शनिवारी, २४ मे रोजी झाली. भुजंग रविवार म्हणतो. रविवारी स्वच्छ ऊन होते, आणि अप्पा आमच्याआधी येऊन तीन जागा धरून बसले होते.

भूकंप २९ सप्टेंबरचा नव्हे. ३० सप्टेंबर १९९३, गुरुवारची पहाट. एका दिवसाने काय होते, असे भुजंग म्हणतो. २९ तारखेला वहिनी होत्या.

तू अप्पांना नेण्यास येशील तो दिवस त्याने २२ जून, रविवार, असा सांगितला आहे. ही एक तारीख त्याच्याकडून चुकलेली असावी, अशी इच्छा आहे.

तुझा,
हणमंतकाका