गाडी लेट शे

मेहरूण, जळगाव
१२ फेब्रुवारी १९९१

तीर्थस्वरूप वच्छलाबाई आक्कांच्या पायांवर डोकं ठेवून नथ्थूचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? (बरे आहेत असं लिहू नका, मागच्या पत्रात तसं लिहून खाली शेक चालू असल्याचं कळवलं होतंत.) इकडे मी, तुमची सून कुंदा आणि लाऊडस्पीकरचा धंदा, तिघंही खणखणीत.

आक्का, परवा इथल्या एसटी स्टँडवरचा कर्णा दुरुस्त करायला गेलो होतो. शिडीवरून ऐकतो तर एक पंधरा-सोळा वर्षांची पोर सारखी धरणगावची गाडी विचारतेय. दुपारभरात तीन गाड्या गेल्या, पोर बाकावरच. (असल्या चौकशा मी वीस वर्षांपूर्वी धुळ्याच्या स्टँडवर अकरा दिवस केल्यात.) मामाकडे साक्रीला निघालोय असं तुम्हाला सांगायचो, तेही साक्रीच्या अहिराणीत नव्हे, आमच्या यावलकडच्या 'मले-तुले'त. याला मामाही नाही नि घरही नाही, हे तुम्ही पहिल्याच दिवशी ताडलं असणार. पण विकायच्या शेंगांची टोपली बाजूला सारून रोज एवढंच म्हणायचात, "गाडी लेट शे रे भाऊ. तवलोंग भाकर खाई ले." ती गाडी चार वर्षं लेट राहिली. तेवढ्यात तुमच्या घरी मी रेडिओदुरुस्ती शिकलो, मला मिशी फुटली. माणसाचं खोटं उघडं न पाडता त्याला जेवू घालणारं दुसरं कुणी मला अजून भेटलेलं नाही.

म्हणून मीही खाली उतरून, डबा उघडून ऐटीत म्हटलं, गाडी लेट आहे, तोवर चार घास खा. नेमका तेव्हाच मी नीट केलेला कर्णा सगळ्या स्टँडला सांगू लागला, की धरणगावची गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली आहे. (आवाज फारच स्वच्छ होता.) पोर पिशवी उचलून उठली. शेवटी कुंदाला बोलावलं. तिने काहीबाही सांगून घरी आणलं.

बेबा तिचं नाव. आईबाप नाहीत, काका घराला कुलूप लावून सुरतेला गेला. (हे भिंतीआडून ऐकलं.) रोज सकाळी पिशवी अडकवून 'निघते' म्हणते. निघाली तर कुठे पोचेल ते मला माहीत आहे; तिला अजून नाही.

तुमच्या भाकरीवर वाढलेला,
नथ्थू

ता. क. हे खुशालीचं पत्र नाही, हे ओळखलंच असेल. मिळताच निघा. मला हे जमत नाही.

आणखी ता. क. तुम्ही येणार, असं बेबाला सांगून टाकलं. म्हणाली, आक्कांना उतरवून घ्यायला मीच जाईन, तोवर थांबते. पिशवी खुंटीला लावलीय. तेव्हा वरचा ता. क. खोडून वाचा. घाई नको, तीन महिन्यांनी अखजीला या. अक्षय्यतृतीयेला पोरींना झोका हवाच, म्हणून आढ्याला कड्या ठोकून घेतोय.