दारं गोठू नयेत म्हणून

१० नोव्हेंबर
जपानमधल्या हॉक्काइडोची तिकिटं काढली. मी आणि जाई. डिसेंबरचा तिसरा आठवडा. शुभाला बर्फ बघायचा होता, ते राहिलं. जाई म्हणाली, आईला बघायचा होता, मला नाही. तरी तयार झाली. पोरगी समजूतदार आहे.

तिथे गाडी भाड्याने घेणार. त्यासाठी वाचायला बसलो आणि एकच मुद्दा डोक्यात बसला: थंडीत गाडीची दारं गोठतात. दाराच्या रबराला ओल लागते, तिचा बर्फ होतो, दार चौकटीला चिकटतं. कुलपातही तेच. आत माणूस असला तर तो आतच.

यावर काम केलं पाहिजे.

१३ नोव्हेंबर
पहाटे पुन्हा बाथरूमच्या दारावर टकटक. जाग आली तेव्हा मी दारापाशी पोचलोही होतो, इतकी माझी चपळाई. जाई शेजारीच उभी. म्हणजे तिलाही ऐकू येतं, म्हणजे भास नव्हे. पाइपमधली हवा असणार. सिंगापुरातल्या टॅम्पिनीसमधला आमचा ब्लॉक जुना आहे. प्लंबरने नळ उघडला, बंद केला आणि सांगितलं, पाइप ओके, अंकल. प्लंबरना हल्ली विषय कळत नाही.

एक लिहून ठेवतो, कारण लोक उगाच संबंध जोडतात. फेब्रुवारीत शुभा याच बाथरूममध्ये पडली. आतून कडी होती. मी बाहेर होतो. दार तोडेपर्यंत ती गेलेली होती. गाडीच्या दारांशी याचा काहीएक संबंध नाही.

१६ नोव्हेंबर
घरातल्या सगळ्या कड्या मार्चमध्येच काढल्यात. मेंटेनन्स. जाईने अंघोळ करताना गाणं म्हणत राहायचं असाही नियम केलाय, संगीताची गोडी राहावी म्हणून. आज गाणं मध्येच थांबलं. मी बाहेरून विचारलं, रात्री जेवायला काय करू? ती इथल्या पोरांच्या सुरात ओरडली, बाबा, शाम्पू तोंडात गेला, लाह! आणि सकाळी सात वाजता डिनर कोण विचारतं? जेवणाचं लवकर ठरवलेलं बरं असतं.

२६ नोव्हेंबर
जाईची ए-लेव्हल, म्हणजे इथली बारावी, संपली. जेवताना म्हणाली, जानेवारीत पुण्याला निशिगंधा मावशीकडे राहायला जाते, कॉलेजचं तिथूनच बघेन. निशिगंधा म्हणजे शुभाची धाकटी बहीण. दोघींनी फोनवर परस्पर ठरवलंय. मी कारण विचारलं. म्हणाली, इथे मला श्वास घेता येत नाही.

लगेच एसीचे फिल्टर धुतले.

फरक पडेल. नाहीच पडला तर हॉक्काइडो आहे. आठवडाभर बाप-लेक एका गाडीत म्हटल्यावर ती कशाला जातेय? सगळं या सहलीवर आहे. म्हणजे गाडीवर. म्हणजे दारांवर.

२९ नोव्हेंबर
प्रयोग. एक कुलूप ओलं करून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं. सकाळी किल्ली घालून फिरवली. मोडली. निष्कर्ष: किल्ली हलक्या दर्जाची. जागा करायला जाईचं आइसक्रीम बाहेर काढलं होतं, ते आत ठेवायचं राहिलं. तिने वितळलेला डबा धुऊन ठेवला. हल्ली कमीच बोलते.

२ डिसेंबर
तुआसला गेलो. अमेय तिथे कोल्ड स्टोअरेजमध्ये मॅनेजर आहे, पुण्यापासूनचा मित्र. उणे वीसची खोली. आतून दार उघडायला मोठं हिरवं बटण. अमेयला म्हटलं, मला आत एकटं सोड, दार लाव, अभ्यास करतो. तो हसला, पण सोडलं.

मासळीची खोकी. पांढरं धुकं. बटण समोरच. दाबलं नाही. दाबायचं नव्हतंच मला. कुठेतरी बांगड्या वाजल्या, हात दारावर आपटल्यावर वाजतात तशा. एकदाच. त्या दिवशीही एकदाच वाजल्या होत्या. कॉम्प्रेसर असणार.

शेवटी अमेयने उघडलं. म्हणाला, गोव्या, किती हाका मारल्या, ओ का देत नाहीस? तोंड बघ आरशात कसलं झालंय. त्याने मला जबरदस्तीने चहा पाजला.

निरीक्षण: दार बाहेरून उघडता आलं. हे महत्त्वाचं.

५ डिसेंबर
निर्णय झाला. जगभरचे लोक रबर कोरडं करून सिलिकॉन लावायला सांगतात. आपण खोबरेल लावणार. शुभाचा त्याच्यावर केवढा विश्वास! जाईचे केस, कुरकुरती बिजागरी, फुटलेल्या टाचा, सगळ्याला तेच. चौदा वर्षं सिंगापुरात आहे, बाटली कलती केली आणि खोबरेलची धार लागली नाही असं कधी पाहिलं नाही. भरवशाचं तेल.

मोठी बाटली आणली. उघडल्यावर घरभर वास पसरला आणि स्वयंपाकघरात कुणीतरी वळून बघितल्यासारखं वाटलं. खिडकी उघडली.

८ डिसेंबर
जाईचं मराठी पक्कं करून घेतोय. आज गोठणं आणि थिजणं यातला फरक. पाणी गोठतं. तूप थिजतं. माणूस भीतीने थिजतो. तिने विचारलं, मग बाबा, तू गोठलायस की थिजलायस? व्याकरणाच्या दृष्टीने प्रश्न चांगला आहे.

१३ डिसेंबर
तासावर मिळणारी गाडी घेऊन कारपार्कमध्ये सराव केला. दारं उघडली, लावली, पुन्हा उघडली. चालवली नाही, तो अडचणीचा भाग नव्हे. एक आजी ट्रॉली थांबवून बराच वेळ बघत होत्या.

निशिगंधाचा फोन आला. सगळी योजना तिला समजावून सांगितली. ऐकून झाल्यावर म्हणाली, भावोजी, तुमचं आपलं आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी चाललंय. तिला गाड्यांतलं काही कळत नाही.

१८ डिसेंबर, आसाहिकावा
उणे अकरा. सगळीकडे बर्फ, आणि आवाजच नाही कसला. जाई पार्किंगमध्ये हात पसरून उभी राहिली. कित्येक महिन्यांनी हसताना दिसली. मग म्हणाली, आईला आवडलं असतं. मी म्हटलं, रबर तपासून घेतलं पाहिजे. ती गाडीत जाऊन बसली.

मला दुसरं काहीतरी म्हणायचं होतं. उद्या म्हणेन.

१९ डिसेंबर
दुपारी एका दुकानासमोर गाडी लावली. जाई मागच्या सीटवर आडवी, कानात गाणी, तोंडावर जॅकेट. म्हटलं, हीच वेळ. चारी दारांची रबरं थर्मासमधल्या कोमट पाण्याने स्वच्छ पुसली. वर खोबरेल, सढळ हाताने. किल्लीच्या भोकातसुद्धा. डिकीपुरतं उरलं नाही. दारं घट्ट लावून कॉफी आणायला गेलो. दुकानात कुलपाच्या स्प्रेचे कितीतरी प्रकार होते, सगळं जपानीत. वाचत बसलो.

परत आलो तर दार उघडेना. दुसरं उघडेना. तिसरं उघडेना. काचांवर आतून वाफ, जाई दिसेना. फटीत पांढरं पांढरं थिजलेलं. बघताक्षणी आठवलं: पुण्यात थंडीत खोबरेलची बाटली उन्हात ठेवावी लागते. शेंबड्या पोराला माहीत असतं हे. मी चौदा वर्षांत विसरलो.

पुढचं नीट आठवत नाही. दोन्ही मुठींनी काच बडवत होतो. मग थर्मासने. काच फुटली नाही, थर्मास चेपला. मी शुभा, शुभा म्हणून ओरडत होतो म्हणे.

मागून खांद्यावर हात आला. मी इतका घाबरलो की वळताच येईना. जाई होती. रिमोट तिच्याच खिशात. त्याने डिकी उघडून ती तिथून उतरली होती, कधीची मागे उभी होती. म्हणाली, बाबा, मी बाहेर आले. इकडे बघ ना.

त्याच संध्याकाळी, हॉटेलवर
जाईने समोर बसवून सांगितलं. तू घरी पण असंच करतोस, बाबा. पहाटे. झोपेत. बाथरूमच्या दारावर ठोकतोस. मीच तुला परत नेऊन झोपवते. मार्चपासून. तुला सांगितलं तर तू पाइप-पाइप करत बसशील म्हणून नाही सांगितलं. माझी पण आई गेली ना? त्या घरात मला एक दार लावून रडता येत नाही.

पाइपचा प्रश्न मिटला म्हणायचा.

३ जानेवारी
सगळ्या कड्या परत बसवल्या. स्वतः. दोन वाकड्या बसल्या. संध्याकाळी जाईने बाथरूममध्ये जाऊन कडी लावली. गाणं नाही. बऱ्याच वेळाने रडण्याचा आवाज आला. मी जेवणाचं विचारलं नाही. बाहेर लादीवर बसून राहिलो. मग मलाही रडू आलं, चांगलं हुंदके देऊन. शुभाची फार आठवण येते.

एसीही जास्त गार होता.

५ जानेवारी
जाईला चांगी विमानतळावर सोडून आलो. निर्णय माझाच. मीच म्हटलं, जा.

१२ जानेवारी
पुण्याहून रोज सकाळी जाईचा मेसेज येतो: बाहेर आले. अंघोळ झाल्यावर. मी सांगितलेलं नाही, तिनेच सुरू केलंय. मला त्याची काही गरज नाही. फोन चार्जिंगला लावून शेजारी ठेवतो, बॅटरीसाठी चांगलं असतं.

१८ जानेवारी, रविवार
अकरा वाजले. मेसेज नाही.

सव्वाअकरा. पुण्यात पावणेनऊ. नाही.

निशिगंधाला फोन केला, सहज, हवापाणी विचारायला. ती म्हणाली, भावोजी, जाई अजून लोळतेय, रविवारचं पुण्यात कोण नऊच्या आत अंघोळ करतं? उठवू का तिला? म्हटलं, नको, उठवू नकोस, सावकाश होऊ दे. मी बाहेर थांबलोय.

बाहेर कुठे, उन्हात उभे राहू नका उगीच, घरी जा, म्हणाली.

मी घरीच होतो. बाथरूमबाहेरच्या लादीवर.