नऊ हजार रेषा आणि अंजूचा कोपरा

मनीषनगर, नागपूर
१२ मे

तीर्थरूप मोठ्या बाबांच्या चरणी मयुरीचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मी बरी आहे, फक्त झोप लागत नाही, आणि त्याला कारण तुम्ही आहात (हे रागाने लिहीत नाही. फोनवर तुम्ही "बरं" म्हणून ठेवून देता, म्हणून पत्र). अभ्यास टाळायला डोकेदुखीची सबब सांगते असे म्हणून तुम्ही आपल्या अंजूला उमरेडला तुमच्याकडे परत बोलावलेत, त्याविषयी शेवटी लिहिते.

अंजू इथे महाल भागातल्या ज्या अभ्यासिकेत बसते, तिथे कूलर कोणत्या खिडकीत बसवावा, हाच माझा कॉलेजचा प्रकल्प आहे. शुक्रवारी माझे चित्र पाहून मालक ठरवणार. खोलीत हवा कशी फिरते ते संगणकाने नऊ हजार रेषांनी काढून दिले. एकही रेष खोटी नाही, पण सगळ्या मिळून काहीच दिसू देत नाहीत. आई म्हणाली, "काहून वं, हे हवा हाय का मांजरीनं खेळलेलं सूत?" कॉलेजातल्या भैरवी मॅडमनी सांगितले, दोनशे ठेव, बाकीच्या काढ, म्हणजे आतले दिसेल. पण मागावर पहिला धडा मला तुम्ही दिलात: "तुटला धागा सांधला पाह्यजे पोरी, टाकला तं पाप." म्हणून मी रेषा कापल्या खऱ्या, पण प्रत्येक टोक जवळच्या टोकाला जोडले (तीन दिवस लागले. जोड कुठे दिसत नव्हता). मॅडमनी एका रेषेवरून बोट फिरवले. मग म्हणाल्या, "मयुरी, ही हवा कपाटात शिरून छतातून कशी खाली येते?"

"मी सांधली, मॅडम."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

चूक कळली. तरीही खरी रेष पुसायला हात धजत नाही. तुम्ही एका ओळीत "तोड" असे लिहून पाठवाल का?

तुमची
मयुरी

ता. क. तुमचे उत्तर शुक्रवारपर्यंत येणार नाही हे आत्ता लक्षात आले. सांधलेले चित्र सोडले आणि मूळ चित्रातल्या आठ हजार आठशे रेषा काढल्या. उरलेल्यांत स्पष्ट दिसले: अंजूच्या कोपऱ्यात तीच ती गरम हवा गोल फिरत राहते, बाहेरची पोचतच नाही. डोके खरेच दुखत होते.

आणखी एक. काढलेल्या रेषा टाकलेल्या नाहीत. त्या साठवलेला पेनड्राइव्ह आणि हे पत्र अंजूजवळ देते आहे. पेनड्राइव्ह मागाच्या धोट्यांच्या पेटीत ठेवा. अंजूला मात्र ठेवून घेऊ नका, सोमवारच्या बसने परत पाठवा. तोवर कूलर तिच्या खिडकीत लागलेला असेल.