उलट्या बाजूचा परिच्छेद

बाई, तुमच्यावर रागावून लिहायला बसले आहे. तुम्ही जाऊन एवढी वर्षं झाली, आता रागावून काय उपयोग? पण परवा जे घडलं त्याची सुरुवात अमरावतीत तुमच्या वर्गात झाली होती.

सेमाडोहची सहल ठरली तेव्हा आम्ही पोरी नुसत्या नाचत होतो. तुम्ही म्हणालात, "आता सहल काहून नेऊ नये, थे लिहा. मले पटलं पायजे." मी वैतागून लिहिलं: घाटाचा रस्ता, पोरींना गाडी लागते, सहामाही तोंडावर. तुम्ही वही घेता, सावकाश वाचता, खाली लाल शाईनं लिहिता, "पटलं." माझं तोंड एवढंसं होतं तशा हसता. "अवं, सहल जाऊनच राहिली. पन समोरच्याच्या डोक्यात शिरल्याबिगर त्याले पटवता येत नाही." सहल गेली. मला गाडी लागली, ते वेगळं.

पुढे दर्यापूरजवळच्या खेड्यात मी शिक्षिका झाले आणि तुमचा हा खेळ जसाच्या तसा उचलला. आपल्याला जे हवं त्याच्या नेमकं उलट लिहायचं, जमलं की खाली लाल शाईत "पटलं". आमची शाळा सातवीपर्यंतच. यंदा सातवीला असाच परिच्छेद घरून लिहून आणायला सांगितला. विषय ज्याचा त्यानं निवडायचा.

परवा मधल्या सुट्टीत एका मुलीचे वडील तिची वही घेऊन आले. भला माणूस, चपला दारातच काढल्या. "म्याडम, पोरीले आता आठवीले दर्यापूरले नाही पाठवत. आमी नवराबायको महिन्यापासून भांडून राहिलो होतो. तुमीच लिहून देलं, बरं झालं." वहीत मथळा होता, 'मुलीने सातवीनंतर शाळा का सोडावी'. आईची दुखरी कंबर, धाकटी भावंडं, काळी-पिवळी जीपमधली दाटी, संध्याकाळी परतायला होणारा उशीर. आणि खाली माझ्या अक्षरात, "पटलं. शाब्बास!"

मुलीला बोलावलं. ती रडत नव्हती, त्यानं मी जास्तच हादरले. "मले तं शिकाचं हाये," ती म्हणाली. "तुमीच म्हनलं होतं, उलटं लिहा." मी वडिलांना सांगितलं, अहो, हा नुसता अभ्यास होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "थे ठीक हाये म्याडम. पन कारनं तं सारी खरीच हायेत ना?" वीस वर्षं पोरांना पटवायला शिकवते आहे, आणि त्या माणसाकडून मी नुसती वही मागून घेतली.

काल ती शाळेत आली नाही. वही माझ्याकडेच राहिली. उद्या रविवार, त्यांच्या घरी जाणार आहे. काय बोलायचं ते अजून ठरत नाही, म्हणून तुमच्याशी बोलते आहे. हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकणार? तिच्याच वहीत ठेवते.

रागानं सुरुवात केली खरी, पण चूक तुमच्या खेळाची नाही. चाळीस वह्या एका बैठकीत उरकताना मी तो परिच्छेद वाचलाच नव्हता. चार कारणं दिसली आणि शेरा मारला. काल पहिल्यांदा नीट वाचला, तेव्हा माझ्या लाल फराट्याखाली पेन्सिलीनं लिहिलेली एक बारीक ओळ दिसली: "मॅडम, आता हे खोडून कसं काढायचं तेपण शिकवा."