पानावर नसलेली ओळ

बिश्केक,
शनिवार, १४ नोव्हेंबर २००९

प्रिय बेर्मेतताई,

एकमेकींपासून दोन हात लांब उभं राहून लोकरीचा नमदा कसा लाटायचा, हे तू फोनवर विचारलंस आणि मला अजूनही त्याचं उत्तर देता येत नाही. आमच्या ऑफिसातल्या मारात साहेबांनाही विचारून पाहिलं. ते म्हणाले, हा प्रश्न मूळ मजकुरात नाही. आम्ही भाषांतर करतो तो मूळ मजकूर परदेशातून येतो, आणि तिथले लोक बहुतेक खुर्चीवर बसूनच काम करत असावेत.

तू बरी आहेस ना? दाजी कसे आहेत? मेंढ्या कुरणावरून खाली आल्या का? इथे बर्फ अजून धरत नाही, नुसता चिखल आहे. तू दिलेले लोकरीचे मोजे मी ऑफिसातही काढत नाही. शेजारच्या टेबलावरची हसते, पण काल तिनेच हळूच विचारलं की तुझी बहीण मला एक जोड करून देईल का.

माझं काम तुला ठाऊकच आहे. फ्लूची साथ आली तर दुकानदारांनी, बेकरीवाल्यांनी, छोट्या कारखान्यांनी काय तयारी ठेवायची, ते आम्ही किर्गिझ भाषेत इंटरनेटवर घालतो. निम्मी माणसं आली नाहीत तर काम कसं चालवायचं, कुणाचं काम कुणाला शिकवून ठेवायचं, भिंतीवर कोणता कागद लावायचा. घरात पहिली पदवी माझी, आणि त्या पदवीचा तुझ्या नमद्यांच्या कारखान्याला काही उपयोग होतोय याचा मला केवढा आनंद झाला होता! बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्याकडून तू ते पान छापून आणलंस, चहाच्या किटलीच्या वर भिंतीला चिकटवलंस आणि सगळ्यांना वाचून दाखवलंस. तुझ्याकडे कामाला असलेली अनारा म्हणाली म्हणे, "हात साबणाने धुवा? आपले हात दिवसभर साबणाच्या पाण्यातच असतात. जिबेकला सांगा, आम्ही जन्मापासून तयार आहोत." हे मी ऑफिसात सांगितलं तर मारात साहेबही हसले.

आणि तुम्ही ते पान नुसतं लावलं नाहीत, पाळलंत. बुरुलआजीला ताप आला तेव्हा तू स्वतः तिला घरी पोचवलंस, पगार कापणार नाही म्हणालीस. पानावर तसंच लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तू लोकर आणायला नारीनला गेलीस. मागे कारखान्यातल्या बायकांनी दुपारी काम थांबवलं, सांगितल्याप्रमाणे साबणाने हात धुतले आणि सगळ्या मिळून आजीच्या समाचाराला गेल्या. तिच्या बिछान्याभोवती बसल्या, रस्सा पाजला, एकाच वाटीतून आळीपाळीने चहा प्यायल्या. आठवडा संपायच्या आत अनारासह चौघी अंथरुणावर.

त्यांचं काय चुकलं? आजाऱ्याला घरी ठेवा, एवढंच पान सांगत होतं. त्याला एकटं ठेवा असा त्याचा अर्थ होतो, हे आपल्याकडे कुणाच्या मनात येईल? ते पान किर्गिझमध्ये आणताना माझ्याही मनात आलं नाही, आणि मी तर आपल्या कोच्कोर गावची. भेटीला जाऊ नका, भाकरी दाराशी ठेवा, खिडकीतून बोला, अशी ओळ आता घातली आहे. मारात साहेब आधी नको म्हणत होते. मग त्यांना आठवलं की ते स्वतः परवा ताप आलेल्या सासऱ्यांच्या उशाशी तासभर बसून आले होते.

ताई, हे सगळं मी नुसतं लांबवतेय.

काल फोनवर तू म्हणालीस की रविवारी सकाळी बोरसोकच्या पुऱ्या तळून आजीकडे जाणार. नको जाऊस म्हटलं तर तू चिडलीस. "आई गेल्यावर जिने आपल्याला जेवू घातलं, तिच्याकडे पाठ फिरवायला शिकायला तुला शहरात पाठवलं होतं का?" आणि फोन ठेवलास. मला पुढे बोलायचं होतं, पण ते फोनवर बोलता येत नव्हतं. तू स्वतःच अजून कुणाला सांगितलेलं नाहीस. मला फक्त बडीशेपेचा चहा आवडेनासा झाला एवढं म्हणालीस, आणि मी ओळखलं. मागच्या दोन्ही वेळी घाईने बोलून दाखवलं म्हणून गेलं, असं तू समजतेस, म्हणून मीही गप्प होते. पण आमचा मजकूर तपासायला एक डॉक्टरीणबाई येतात. हा ताप पोटुशी बाईला सगळ्यात जड जातो, असं त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं.

तू माझं ऐकणार नाहीस हे कळल्यावर मी काल संध्याकाळी आजीलाच फोन लावला. तिचा श्वास फोनमधूनही ऐकू येत होता. सून जवळ आहे, ती स्वतः त्याच तापातून उठलेली आहे, तेव्हा आजीला बघायला माणूस आहे. काळजी करू नकोस.

मी सांगितलं, "आजी, रविवारी ताई आली तर तिला आत घेऊ नकोस."

बराच वेळ ती नुसती खोकत होती. मग म्हणाली, "माझ्या दारातून पाहुणा परत पाठवू? तेही बेर्मेतला?"

"हो."

"तिच्या पोटासाठी?"

मी हो म्हटलं. तिला कुणी सांगितलं, विचारू नकोस. कुणीच नाही.

"मग सरळ बोलायचं होतंस, पोरी. शहरात राहून फार वळसे घ्यायला शिकलीस."

हे पत्र उद्या सकाळच्या गाडीने कोच्कोरला येणाऱ्या एका बाईंबरोबर पाठवतेय. तुझ्या हाती पडेल तोवर तू आजीच्या घरून परत आली असशील. तू हाक मारली असशील, दार वाजवलं असशील, आत ती जागी आहे हे तुला कळलंही असेल, आणि तरी दार उघडलं नसेल. आयुष्यात पहिल्यांदा. आजीवर रागावू नकोस. कडी लावायला मी सांगितलं, आणि तसा शब्द तिच्याकडून घेतला.

तू बोलेनाशी झालीस तरी तुझीच,
जिबेक