तीन दिवस, तीन पेनं

११ फेब्रुवारी

बोट हलली कधी ते कळलंच नाही. खिडकीतून धक्का मागे सरकायला लागला तेव्हा हिने माझा दंड घट्ट धरला. "अहो, निघालो आपण!" चौतीस वर्षांच्या मुलीची आई, पण चेहरा शाळेच्या सहलीला निघाल्यासारखा.

केबिन बरी आहे. दोन पलंग, एक आरसा. न्हाणीघर एवढं, की साबण पडला तर उचलायला आधी दार उघडावं लागेल. समोरच्या केबिनमध्ये पहिलवान आणि वहिनी. पहिलवानाचं वजन पन्नास किलो, तेही ओल्या कपड्यांसकट. कॉलेजात हे नाव मीच ठेवलं. तो मला क्लोरीन म्हणतो. जलशुद्धीकरण केंद्रात एकाच वर्षी लागलो, एकाच वर्षी लग्नं केली, एकाच वर्षी रिटायर झालो. ही सहलही त्याच्याच डोक्यातली. "सत्तरीच्या आत समुद्र बघून घेऊ, पुढे गुडघे रजा मंजूर करणार नाहीत."

जेवायला चौघांचं ठरलेलं टेबल. शेवटच्या दिवसापर्यंत तेच. छान!

१२ फेब्रुवारी

बंदर. चालून चालून पायांचे तुकडे पडले. झोप.

१३ फेब्रुवारी, समुद्रावर

सकाळ. आज जमीन नाही, दिवसभर नुसता प्रवास. दाराखालून कार्यक्रमाचा कागद आत आला होता. साडेआठला व्यायाम, दहाला नॅपकिनच्या घड्या कशा घालाव्यात, अकराला पत्ते, तीनला चहा आणि वाद्यवृंद. माणसं घाबरलेली दिसली—काही चुकेल की काय! सात वाजताच डेकवरच्या सगळ्या खुर्च्यांवर कुणाचा टॉवेल, कुणाचं पुस्तक, एकीवर तर नुसती एक चप्पल. मालक आत ऑम्लेटच्या रांगेत.

कप्तान भोंग्यावरून म्हणाला, आपल्याखाली तीन हजार मीटर पाणी आहे. एकाही माणसाने मान वर केली नाही. मी मात्र कठड्याशी जाऊन उभा राहिलो. उभा जन्म पाणी तपासलं, पण बाटलीतून. एवढं एकदम कधी पाहिलं नव्हतं.

पोहण्याच्या तलावाशी पहिलवान भेटला. बोट डुलली की तलावातलं पाणी तिरपं होतं, एक बाई या कडेने पोहायला लागते आणि न पोहता त्या कडेला पोचते. आम्ही हसून हसून बेजार. मी वास घेऊन म्हणालो, "औषध जास्त पडलंय." तो म्हणाला, "क्लोरीन, सुट्टीवर आहेस! इथे सही मागायला कुणी येणार नाही."

त्याच्याइतकं मला कुणी ओळखत नाही. असं सकाळी वाटत होतं. खोडत नाही, राहू दे.

दुपार, साडेचार. लिहून काढतो. नाहीतर डोकं फुटेल.

तीनच्या चहाला आम्ही चौघं काचेच्या दालनात. शेजारच्या टेबलावर एक निवृत्त न्यायाधीशबाई, एकट्याच प्रवासाला आलेल्या. गप्पा सुरू झाल्या. तुम्ही काय करत होतात? झालं—मी सुरू! ही म्हणाली, "अहो, ते नको ना आता." पण मी ऐकणार थोडाच.

तेच सांगितलं, अठ्ठावीस वर्षं सांगतोय ते. धरणाजवळ नवं केंद्र झालं होतं. प्रमुख म्हणून माझं नाव ठरल्यात जमा. बंगला, जीप, हाताखाली चाळीस माणसं. आणि नेमकी तेव्हा मुलगी तापाने फणफणली. सहा वर्षांची. माझं बोट सोडेना. तीन दिवस मी प्रयोगशाळेकडे फिरकलो नाही. तिसऱ्या संध्याकाळी शिपायाकडून नोंदवही घरी मागवली आणि तीन दिवसांचे आकडे बसल्या जागी भरले. चूक होती. नाही म्हणत नाही. पाण्याला काही झालं नाही, पण ते नशीब.

महिन्याभरात वरच्या साहेबांकडे निनावी पत्र. चौकशी बसली. पत्र मला वाचून दाखवलं, हातात दिलं नाही. पण शब्द न् शब्द पाठ आहे—"सदर गृहस्थांनी तीन दिवसांच्या नोंदी घरच्या जेवणाच्या टेबलावर बसून भरल्या आणि वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं दिसावं म्हणून तीन वेगवेगळी पेनं वापरली." बढती गेली. वर स्टोअरमध्ये बदली. सतरा वर्षं मी पाइप आणि वॉशर मोजले.

बाई म्हणाल्या, "कुणावर संशय होता?"

मी म्हणालो, "शिपाई. दुसरं कोण? कुठेतरी बडबडला असणार."

"तो घरात आला होता?"

"नाही. दारातूनच वही देऊन गेला."

"मग पेनं बदलल्याचं त्याला कसं कळलं?"

सहज विचारलं त्यांनी. साखर ढवळत. आणि माझ्या हातातला कप तसाच राहिला.

अठ्ठावीस वर्षांत हा प्रश्न मला पडला नाही! शिपाई, शिपाई करत बसलो. तो बिचारा मरूनही गेला. त्याच्या दहाव्यालाही गेलो नाही मी.

त्या संध्याकाळी टेबलाशी कोण होतं? मी. ही. आणि मुलीला बघायला आलेले पहिलवान आणि वहिनी. पेनं बदलतोय म्हणून पहिलवानानेच थट्टा केली होती—"तिसऱ्या दिवसाला हिरवं घे, सण साजरा होईल."

मी एकेकाकडे बघायला लागलो. वहिनी पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. ही काचेतून बाहेर. आणि पहिलवान एकदम म्हणाला, "मी लिहिलं."

वाद्यवृंद चालूच होता.

"काय?"

"पत्र. मी लिहिलं, क्लोरीन. तू पुढे जाणार, मी मागे राहणार... हेवा वाटला. झालं. चूक झाली."

घडाघडा म्हणाला. पाठ केल्यासारखं. अठ्ठावीस वर्षं घोकत असणार! वहिनी उठून उभ्या राहिल्या, "अहो, हे काय बोलताय—" त्याने त्यांचा हात धरून खाली बसवलं. हिच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. हिलाही धक्का बसला असणार.

मी उठलो. पण बोटीवरून उठून जाणार कुठे? डेकला फेऱ्या घातल्या. सात. प्रत्येक फेरीत त्याच काचेसमोरून जावं लागायचं आणि आत ते तिघं तसेच.

संध्याकाळ, सहा. आज कोट-टाय घालून जेवायचा दिवस. बाहेर सगळे नटून चाललेत. मी म्हणालो, त्या टेबलावर मी बसणार नाही. ही पलंगाच्या कडेवर बसून होती. नेसली होती ती साडी, नवी. म्हणाली, "भाऊजींना माफ करा. म्हातारी झालो आता सगळी."

माफ करा! जसं काही ग्लास फोडलाय त्याने. मी म्हणालो, "तूही त्याचीच बाजू घेणार?"  पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मी कुणाचीच बाजू घेत नाही हो." आणि रडायला लागली. माझ्यासाठी रडते बिचारी.

केबिनमध्येच खायला मागवलं. दोघांनीही टाकलं.

१४ फेब्रुवारी, समुद्रावर

आजही जमीन नाही. समुद्र खवळलेला. जिन्याच्या कठड्यांना कागदी पिशव्या अडकवून ठेवल्यात, ज्याला लागेल त्याने ओढावी. माझं पोट ठीक आहे. 

शत्रूने केलं असतं तर सोसलं असतं. याने केसाने गळा कापला. मला स्टोअरमध्ये टाकलं तेव्हा एकही माणूस माझ्याशी बोलत नव्हता. हा मात्र रोज सायकल मारत केंद्राच्या त्या टोकाहून यायचा, डबा घेऊन. सतरा वर्षं! पावसात, उन्हात. वॉशरच्या खोक्यांवर बसून आम्ही जेवायचो. मी हिला सांगायचो, असा मित्र मिळायला भाग्य लागतं. आणि तो येत होता मनाला टोचणी होती म्हणून! प्रत्येक घासाला माझ्या तोंडाकडे बघत असेल—याला कळलं तर नाही ना?

मुलीच्या लग्नात तिचा हात कुणी धरून आणला? यानेच. माझा पाय प्लास्टरमध्ये होता.

एकही आठवण धड राहिली नाही. ज्या फोटोला हात लावावा त्यात हा उभा.

दुपारी. बोट केवढी, हजारो माणसं, आणि मला दर वळणावर हाच दिसतो. लिफ्टचं दार उघडलं, आत तो. वाचनालयात गेलो, खुर्चीत तो, पुस्तक उलटं धरलेलं. शेवटी जेवणाच्या रांगेत माझ्या मागे येऊन उभा राहिला. हळूच म्हणाला, "दोन मिनिटं बोलू?"

मी मोठ्याने म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं—"निनावी पत्रं लिहिणाऱ्यांची रांग वेगळी आहे!"

लोक वळून बघायला लागले. त्याने रिकामी प्लेट चवडीवर परत ठेवली, नीट, आवाज न करता. आणि निघून गेला. पन्नास किलोंचा माणूस, पण पाय ओढत चालला.

बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं. पाच मिनिटं.

चारच्या सुमाराला वहिनी दाराशी. आत आल्या नाहीत. "भाऊजी, एकच विचारते. पन्नास वर्षांत हा माणूस तुम्हाला एवढाच कळला?" मी म्हणालो, "कळला नव्हता, काल कळला." त्यांनी माझ्या खांद्यावरून आत हिच्याकडे पाहिलं. बराच वेळ. ही घड्या घातलेले कपडे पुन्हा उलगडून घड्या घालत होती. वहिनी म्हणाल्या, "ठीक आहे. उद्या बंदर आहे, आम्ही उतरतो. विमानाने घरी जातो."

जा म्हणालो. दार मीच लावलं.

ही म्हणाली, "थांबवा त्यांना."

"मी? मी थांबवू?"

"अहो, पाया पडते, थांबवा."

इतकी कळवळून बोलली की मलाच चीड आली. माझं आयुष्य ज्याने नासवलं त्याचा हिला एवढा पुळका! म्हणालो, "इतकी दया येत असेल तर तूही उतर त्यांच्याबरोबर." चाळीस वर्षांच्या लग्नात असं कधी बोललो नव्हतो. ही न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बसली. पाणी वाहत राहिलं. मी ऐकत राहिलो.

१५ फेब्रुवारी

बंदर. वर डेकवरून पाहिलं. खाली धक्क्यावर ते दोघं, दोन बॅगा. बॅगेचं एक चाक मोडलेलं, म्हणून पहिलवान ती उचलून नेत होता. एकदा थांबला, वळून वर पाहिलं. एवढ्या खिडक्यांत मी कुठे दिसणार? मी हात केला नाही. खाली वाकून बुटाची नाडी बांधली. सुटलेली नव्हती.

ही केबिनमधून बाहेरच आली नाही.

जेवायला गेलो. टेबलाला चार खुर्च्या. वाढप्याने हसून विचारलं, "बाकीचे येतायत ना?" मी म्हणालो, दुसरं टेबल द्या. एकट्याचं.

१६ फेब्रुवारी, समुद्रावर

सकाळचा चहा. ही म्हणाली, पत्र मी लिहिलं. डाव्या हाताने. साहेबांचं पूर्ण नाव पहिलवानाला विचारलं होतं, तेव्हापासून त्याला माहीत आहे. दोघांनी मला कधी कळू दिलं नाही. ही म्हणाली, फक्त बढती थांबेल असं वाटलं होतं, स्टोअरला टाकतील असं स्वप्नातही आलं नव्हतं.

मी विचारलं, का?

"टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी कायम होऊन चार महिने झाले होते. धरणावर जायचं म्हणून माझा राजीनामा तुम्ही ऑफिसातून टाइप करूनच आणलात. म्हणालात, इथे सही कर. मी नाही म्हटलं, तीनदा. तुम्ही हसलात. आठवतं का?"

आठवत नाही. खरंच आठवत नाही.