मेरिमची दोरी दुसऱ्यांदा कापली

चराईवरून, ५ जून २०११

चि. सौ. बेगिमाय हिस सासूचे अनेक आशीर्वाद. चि. कुबातलाही सांगणे.

आम्ही वर सुखरूप पोचलो. इथे फोन लागत नाही, म्हणून दूधगाडीच्या तोक्तोसुनबरोबर हे पत्र. घोड्या व्यायल्या, घोडीचं दूध कुमिससाठी आंबवायला घातलंय, आणि तुझे सासरे पहिल्या वाडग्यालाच गाऊ लागलेत. मेरिम मजेत आहे. शिंगरांमागे पळते, बोटाने लोणी चाटते.

नवरोजला तू आलीस आणि तोंड एवढंसं करून परत गेलीस. म्हणे, पोर हाकेला बघत नाही, अडीच वर्षांची होत आली तरी बोलत नाही. अगं, दोष दोरीचा आहे! पोर चालायला लागल्यावर पायांना काळी-पांढरी दोरी बांधून शर्यत लावली, तेव्हा ती कापायला पहिला पोचला कोण? मेंढपाळ कालिबेक! दिवसाला चार शब्द बोलणारा माणूस. कापणाऱ्याचा गुण पोरात उतरतो, हे काय मी तुला सांगायला हवं? दहा जुलैला दोरी पुन्हा कापू. शेजारची सादात जिंकेल अशी व्यवस्था केली आहे. ती झोपेतसुद्धा भांडते. तू मिठाई पाठव आणि घोर सोड.

माया आहेच, ती राहू दे.
तुझी एने


बिश्केक, १४ जून

ती. एने यांना बेगिमायचा सा. न. वि. वि.

मिठाई पाठवते आहे. पण रागावू नका, माझा घोर सुटत नाही. मी इथल्या डॉक्टरबाईंना भेटले. त्यांनी विचारलं, मुलगी बोटाने काही दाखवते का? आपण बघू तिकडे बघते का? येत असलेला शब्द गेला का? एने, मागच्या वर्षी ती 'नान' म्हणून भाकरी मागायची. आता मागते का?

आपल्या रीतीने पहिलं मूल आजी-आजोबांचं. मी ते आनंदाने तुमच्या ओटीत घातलं. तिची आई तुम्ही, मी ताई. म्हणून तुमच्या होकाराशिवाय तिला खाली आणणार नाही. पण डॉक्टर म्हणतात, काही असेल तर शिकवणं लवकर सुरू व्हायला हवं, या वयातला एकेक महिना मोलाचा. हे म्हणतात, आईला विचारायची माझी छाती होत नाही. म्हणून मीच विचारते. पाठवाल?

सासऱ्यांना नमस्कार. लोभ कमी करू नये.
आपली बेगिमाय


चराईवरून, २३ जून

चि. सौ. बेगिमाय हिस आशीर्वाद.

शहरात गेलीस आणि धडधाकट पोरीत आजार शोधायला शिकलीस, वा! तुझे सासरे चौथ्या वर्षी बोलले, आणि तेव्हापासून दुसऱ्या कुणाला बोलू दिलं नाही. सहा पोरं वाढवली मी, एकालाही डॉक्टरला दाखवावं लागलं नाही. दोरी कापायची म्हणजे कापायची. पोर कुठेही जाणार नाही.

एने


चराईवरून, १२ जुलै

चि. सौ. बेगिमाय हिस अनेक आशीर्वाद.

दोरी कापली. सादात पहिली आली आणि डोंगर दणाणेल असा आशीर्वाद दिला. टाळ्या झाल्या तशी मेरिम कान झाकून किंचाळायला लागली. स्वतःचा हात चावला. सगळ्यांनी चारी बाजूंनी नावाने हाका मारल्या, मीही मारली. तिने माझ्याकडेसुद्धा पाहिलं नाही, बेगिमाय.

मला वाटलं, कान गेले. तिच्या पाठीमागे पातेल्याचं झाकण आपटलं, तर गर्रकन वळली. टेकडीपलीकडची घोडी खिंकाळली तरी तिला कळतं. म्हणजे माझी हाकही ऐकू येत असणार.

सादातचा नातू अजून धड उभा राहत नाही. तो माझ्या मांडीवर होता. आकाशात घार दिसली, त्याने बोट दाखवलं, आणि मी बघते की नाही हे बघायला माझ्या तोंडाकडे पाहिलं. सहा पोरं वाढवली, पण बोट दाखवायला मी कुणालाच शिकवलं नव्हतं गं. आपोआप येतं म्हणून कधी लक्षातच आलं नाही. मेरिमने मला आजवर काहीही दाखवलेलं नाही. आणि 'नान' कधी बंद झालं, तेही मला आठवत नाही.

येत्या गुरुवारी तिला घेऊन खाली येते. स्टेशनवर ये. मला शहरात रस्ता कळत नाही.

एने


बिश्केक, १० ऑगस्ट

ती. एने यांना सा. न.

तुम्ही परत गेल्यावर सगळ्या तपासण्या झाल्या. कान चांगले आहेत. डॉक्टर याला ऑटिझम म्हणतात. हे तिच्यात जन्मापासूनच आहे. तान्हेपणी पाळण्यात बांधून निजवल्यामुळे नाही, दोरीमुळे नाही, कालिबेकआकेंमुळे तर नाहीच. तुमच्यामुळे नाही, एने, हे मी त्यांना मुद्दाम विचारलं. औषधाने जाणार नाही. शिकवता येईल, हळूहळू, कितीतरी वर्षं. बोलेल की नाही, कुणी सांगत नाही. मी त्या दिवशी खूप रडले.

शिकवणाऱ्या बाई तिच्याबरोबर जमिनीवर बसतात, ती करते तेच करतात आणि वाट बघतात. काल तिने माझा हात धरून खिडकीच्या कडीवर नेऊन ठेवला. बाई म्हणाल्या, हे मागणंच आहे.

रोज जावं लागतं, म्हणून तिला इथेच ठेवावं लागेल. तुम्ही काय म्हणता ते कळवा, आणि आमच्यावर राग धरू नका.

बेगिमाय


चराईवरून, १९ ऑगस्ट

चि. सौ. बेगिमाय हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सासऱ्यांनी दोनदा मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, घोड्या बघून येतो. घोड्या समोरच बांधल्या होत्या.

कालिबेकला बोलावून कुमिस पाजला. तुझं नाव उगाच घेतलं, म्हटलं. तो म्हणाला, बरं. त्याच्या मानाने हे भाषणच झालं.

तंबू खायला उठतो, खोटं कशाला बोलू. पण पोर तिथेच राहू दे. रीत मोडली असं कुणी म्हणालं तर त्याला मी बघून घेईन. तिला माणसं ओळखायला शिकवाल, तेव्हा आई म्हणून तुझ्याकडे बोट दाखव. ताई नाही, आई. आणि माझा फोटो दाखवून आजी म्हण.

आजवर ती माझी धाकटी लेक होती. तिची आजी व्हायला मला अजून येत नाही. शिकेन, पण उशीर लागेल. तिच्यासाठी धरतेस तेवढाच धीर माझ्यासाठीही धर.

एने